नियॉनची पाटी ठेवायची कुठं?

बेळगावच्या गणपत गल्लीतल्या एका कापड दुकानाच्या माळ्यावर जुन्या नियॉन पाटीतलं काचेचं एक 'सा' गोणपाटात गुंडाळून ठेवलंय. बाकीची अक्षरं पाटी उतरवताना फुटली, आणि आता दुकानावर एलईडीची पाटी आहे. ते 'सा' हातात घेतल्यापासून मला लास वेगासचं नियॉन म्युझियम सारखं आठवतंय, कारण जागा त्यांनाही पुरत नाही. 1996 साली सुरू झालेलं हे म्युझियम जुन्या हॉटेलांच्या, कसिनोंच्या पाट्या उघड्या अंगणात मांडतं, पण संग्रहातल्या निम्म्याहून जास्त पाट्या लोकांना दाखवताच येत नाहीत. तिथली हार्ड रॉक कॅफेची एक गिटारच सुमारे 80 फूट उंच आहे! लांबून, चालत्या गाडीतून दिसावी म्हणून केलेली वस्तू ही, तिला कपाटात कशी बसवणार?

बरं, मोठी पाटी खोलून ठेवावी म्हटलं तर खरी पाटी म्हणजे काच. वाकवलेली नळी, दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड (वीज आत सोडणारे धातूचे तुकडे), आतली हवा पंपाने ओढून काढलेली आणि तिच्या जागी अगदी थोडा नियॉन गॅस, बाहेरच्या हवेच्या साधारण शंभराव्या भागाइतक्याच दाबाचा. ट्रान्सफॉर्मर हजारो व्होल्ट देतो, कधीकधी 15,000 पर्यंत, मग आतले इलेक्ट्रॉन पळत सुटतात, नियॉनच्या अणूंना धडकतात, अणूला जादा ऊर्जा मिळते आणि ती तो उजेडाच्या रूपात परत टाकतो. नियॉनचा उजेड लाल-केशरीच, आणि निळी पाटी दिसली तर तिच्यात बहुतेक वेळा आर्गॉन आणि पाऱ्याचा थेंब असतो. (म्हणून जुनी निळी नळी फुटली तर नुसत्या हातानं गोळा करू नका.) जळून तुटायला बल्बसारखी बारीक तार (फिलामेंट) नसल्यामुळे चांगली केलेली नळी कित्येक दशकं जळते, पण बारीक तडा गेला, हवा आत शिरली की खेळ संपला.

हा नियॉन 1898 मध्ये लंडनला रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स या शास्त्रज्ञांना सापडला. हवेत तो दहा लाख भागांत फक्त 18 भाग, म्हणजे हजार लिटर हवेत जेमतेम 18 मिलिलिटर. फ्रान्सचा जॉर्ज क्लोद हवा थंड करून द्रवरूप करायचा धंदा करत होता, त्यात नियॉन आपोआप उरायचा, तोच नळ्यांत भरून त्यानं 1910 च्या पॅरिस मोटार शोमध्ये लावला.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते काच वाकवणाऱ्या कारागिराचं काम. नळी गॅसच्या ज्योतीवर मऊ करायची, दुसऱ्या टोकाला लावलेल्या रबरी नळीतून तोंडानं हळूच फुंकत राहायचं म्हणजे वळणावर काच चपटी होत नाही, आणि काच गार व्हायच्या आत ती कागदावरच्या आकारावर दाबून बसवायची. हा आकार बहुतेक वेळा उलटा काढलेला असतो, आरशात दिसतो तसा. आता यात देवनागरी घाला! गॅसला एका इलेक्ट्रोडपासून दुसऱ्यापर्यंत एकच सलग वाट लागते, आणि आमच्या अक्षरांना शिरोरेषा, काना, मात्रा, म्हणजे नळी परत मागे वळवून आणायची आणि नको तो भाग काळ्या रंगाने झाकायचा. त्या 'सा'च्या मागं तो काळा रंग अजून आहे, बोट फिरवलं की वळण कळतं. आमच्याकडं शेजारच्या दुकानावर कन्नड अक्षरं असतात, त्यांचे गोल वळसे काचेला जास्त सोपे गेले असतील असं मला वाटतं.

आज बाजारात 'नियॉन' म्हणून मिळते ती बहुतेक वाकणारी एलईडी पट्टी, तिच्यात नियॉनचा अणूसुद्धा नसतो. वीज कमी खाते, स्वस्त आहे, दुकानदाराचं चुकत नाही, पण काच वाकवायचं काम कमी झालं की तो हातही जातो, आणि म्हणूनच म्युझियमात न पेटणाऱ्या पाट्या साठत जातात. वेगासमध्ये 2018 साली काही बंद पाट्यांवर प्रोजेक्टरने उजेड टाकून त्या परत पेटल्यासारख्या दाखवायला सुरुवात केली. छान दिसतं म्हणतात, तरी माझ्या मते नळीच्या आतून येणारा उजेड वेगळाच.

दुकानदारकाकांना विचारलं, हे 'सा' एवढी वर्षं का ठेवलंय, जागा तर अडवतंय. ते म्हणाले, "दिवा लागतो की नाही म्हाईत नाही ओ, पण आप्पांनी लावलेली पाटी ती, टाकवत नाही." मी परत गोणपाटात गुंडाळून दिलं, त्यांनी ते कापडाच्या ताग्यांच्या मागं, भिंतीला टेकवून उभं ठेवलं.