फायरिंगच्या क्षणाचा प्रश्न : एचव्हीडीसी कन्व्हर्टर नियंत्रणाची पार्श्वभूमी

एचव्हीडीसी म्हणजे उच्च व्होल्टेजच्या एकदिश (डीसी) प्रवाहाने वीज नेण्याचे तंत्र; एसी (प्रत्यावर्ती) आणि डीसी यांत रूपांतर करणारे कन्व्हर्टर वाहिनीच्या दोन्ही टोकांना असतात. डीसी वाहिनीत स्थिर प्रवाहाला केवळ तारेचा अल्प रोध आडवा येतो, त्यामुळे दोन टोकांच्या व्होल्टेजमध्ये थोडासा फरक पडला तरी प्रवाह मोठ्या प्रमाणात बदलतो. 1954 मध्ये स्वीडनची मुख्यभूमी आणि गॉटलंड बेट यांना जोडणारा 20 मेगावॅटचा प्रकल्प उनो लाम यांनी विकसित केलेल्या पारा-व्हॉल्व्हवर (पाऱ्याच्या वाफेवर चालणाऱ्या विद्युत-झडपांवर) उभा राहिला, तेव्हापासून नियंत्रण हाच या तंत्राचा कणा राहिला आहे.

पुढे रूढ झालेल्या पद्धतीत रेक्टिफायर, म्हणजे एसीचे डीसी करणारा पाठवणाऱ्या टोकाचा कन्व्हर्टर, ठरलेला प्रवाह राखतो आणि इन्व्हर्टर, म्हणजे डीसीचे पुन्हा एसी करणारा दुसऱ्या टोकाचा कन्व्हर्टर, व्होल्टेज सांभाळतो. इन्व्हर्टरलाही प्रवाहाचे लक्ष्य दिलेले असते, मात्र ते साधारण 10 टक्क्यांनी कमी असते. पाठवणाऱ्या टोकाचे एसी व्होल्टेज घसरले की प्रवाह त्या पातळीवर उतरतो आणि इन्व्हर्टर त्याचे नियंत्रण आपणहून हाती घेतो. क्षणोक्षणी निरोप न पाठवता दोन्ही टोके एकमेकांना सांभाळून घेतात, ही मला या पद्धतीची सर्वांत मोठी थोरवी वाटते.

खरी अडचण फायरिंगच्या, म्हणजे व्हॉल्व्ह चालू करण्याच्या, क्षणाची होती. सुरुवातीला प्रत्येक व्हॉल्व्हचा क्षण त्याच्या एसी व्होल्टेजच्या शून्य-बिंदूपासून मोजला जाई. एसी जाळे कमकुवत असेल, तर कन्व्हर्टरच्याच प्रवाहामुळे ती लहर वाकडी होई, फायरिंगची अंतरे विषम होत, त्यातून नवे हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतल्या लहरी) उपजत आणि लहर आणखी बिघडे. इंग्लंडमधील अभियंते जे. डी. एन्सवर्थ यांनी 1968 मध्ये यावर फेज-लॉक्ड ऑसिलेटरचा, म्हणजे जाळ्याशी ताल राखून फायरिंगचे स्पंद देणाऱ्या स्वतंत्र स्पंद-जनकाचा, उपाय मांडला. स्थिर स्थितीत तो समान अंतराने स्पंद देतो, 50 हर्ट्झच्या बारा-स्पंदी (एसीच्या एका आवर्तनात बारा स्पंद घेणाऱ्या) कन्व्हर्टरमध्ये सेकंदाला 600, आणि प्रवाहातील चूक केवळ त्यांचा वेग किंचित बदलते.

1972 मध्ये कॅनडातील ईल रिव्हर येथे पारा-व्हॉल्व्हऐवजी संपूर्ण थायरिस्टरवर (अर्धवाहक स्विचवर) चालणारे केंद्र सुरू झाले. चंद्रपूर ते पडघे ही 752 किलोमीटरची, 1500 मेगावॅटची वाहिनीही थायरिस्टरचीच आहे. मात्र थायरिस्टर चालू करता येतो, नियंत्रकाच्या आज्ञेने बंद करता येत नाही. तो बंद होण्यासाठी इन्व्हर्टरची मदार त्यामुळे एसी जाळ्यावरच राहिली. 1997 मध्ये स्वीडनमधील हेल्शोन येथे आज्ञेने बंदही होणाऱ्या ट्रान्झिस्टरवरची 3 मेगावॅटची वाहिनी चालवून पाहण्यात आली आणि सक्रिय (प्रत्यक्ष काम करणारी) व प्रतिक्रियाशील (जाळ्यात नुसती ये-जा करणारी) शक्ती स्वतंत्रपणे हाताळता येऊ लागल्या.

तरीही हे नवे कन्व्हर्टर बहुधा फेज-लॉक्ड लूपच्या (जाळ्याच्या लहरीचा ताल मोजून त्याला धरून राहणाऱ्या नियंत्रणाच्या) आधारे जाळ्याच्या लहरीमागे चालत, आणि जाळे कमकुवत असले की तोच लूप अस्थिरतेचे कारण ठरे. म्हणूनच 2010 मध्ये स्वीडिश संशोधकांनी हा लूप नेहमीच्या कामातून वगळून, समकालिक यंत्राप्रमाणे (वीजकेंद्रातील जनित्राप्रमाणे) शक्तीच्या देवाणघेवाणीतूनच कन्व्हर्टरला जाळ्याशी ताल जुळवू देणारी पद्धत मांडली.