नीरफणस : बेळगाव सीमाभागातील ओळख आणि वापर

नीरफणस हा तुतीच्या कुळातील, फणसाच्याच गणातील वृक्ष. शास्त्रीय नाव आर्टोकार्पस आल्टिलिस. मराठीत त्याला विलायती फणसही म्हणतात, कर्नाटकाच्या किनारपट्टीवर जीगुज्जे. कोकण-गोव्याच्या परसात हे झाड नेहमीचे. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात मात्र फळ घाट चढून येते, चोर्ल्याने, अनमोडने किंवा आंबोलीहून. कधी भाजीच्या टोपलीतून, बरेचदा गोव्यात दिलेल्या लेकीच्या पिशवीतून.

या मुलखाला फणस नवा नाही. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात कापा आणि बरका पोरांनाही वासावरून ओळखता येतो, कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी होते, आठळ्या पावसाळ्यासाठी राखून ठेवतात. खरी अडचण याच ओळखीने होते. नाव फणसाचे म्हणून माणूस फळ पिकायला कोपऱ्यात ठेवतो, दोन-तीन दिवसांनी कापतो, तर आत ना गरे, ना आठळ्या. नुसता पिवळसर, गुळचट, मऊ लगदा. बहुतेकांची पहिली भेट अशी फसते आणि ‘काय चव नाही बगा’ असा शेरा मारून फळ गोठ्यात जाते. दोष फळाचा नव्हे. नीरफणस पिकण्याआधी, कच्चा पण पुरता भरलेला असताना खायचा असतो आणि त्याचे काम गऱ्याचे नसून बटाट्याचे असते. बेळगावला बटाटा आणि रताळे काय असते हे सांगावे लागत नाही, त्यामुळे हे एक वाक्य कळले की पुढचे सोपे जाते.

फळ गोल किंवा लांबट, साधारण एक ते तीन किलोंचे. सालीवर काट्यांऐवजी पंचकोनी-षट्‌कोनी चकत्यांची नक्षी असते. घेताना ती नक्षी पाहावी : कोवळ्या फळाची साल गर्द हिरवी आणि उठावदार, भरलेल्याची चपटी होत पिवळट पडलेली, वर सुकलेल्या चिकाचे ठिपके. दाबून बोट रुतले तर ते भाजीच्या कामातून गेले. भरलेले फळ दोन-तीन दिवसांतच मऊ पडते. फ्रीजचा उपाय फारसा चालत नाही, कारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली साल काळी पडते. वेस्ट इंडीजमध्ये अख्खे फळ पाण्यात बुडवून ठेवतात. आपल्याकडे बादली पुरते.

चिरण्याची रीत फणसाचीच, फक्त चीक कमी. सुरीला आणि हाताला तेल लावावे, साल जाडसर काढावी, मधला दांडा टाकावा आणि अर्ध्या बोटाएवढ्या जाडीच्या फोडी मिठाच्या पाण्यात सोडाव्यात, नाहीतर त्या काळवंडतात. यातून पहिल्यांदा करून पाहावीत ती कापं. फोडींना हळद, तिखट, हिंग, मीठ आणि आगळ (कोकमाचा आंबट रस) किंवा चिंचेचा कोळ चोळायचा, तांदळाचे पीठ मिसळलेल्या रव्यात घोळवायचे आणि तव्यावर तेल सोडून मंद आंचेवर दोन्ही बाजूंनी परतायचे. गोव्यात श्रावणात मासळी बंद असते तेव्हा ताटातली तळलेल्या तुकडीची जागा ही कापं घेतात. चतुर्थीच्या खतखत्यातही, म्हणजे तिथल्या मिश्र भाजीतही, नीरफणस असतो. घाटावर आल्यावर आगळाची जागा सहसा चिंच घेते आणि कांदा-लसूण चटणी घालून बटाट्यासारखा रस्साही होतो. तो भाकरीबरोबर अधिक चांगला लागतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कुकरच्या शिट्ट्या मात्र मोजूनच द्याव्यात. एक जास्त झाली की फोडींचे पिठले होते.

भाजी म्हटले तरी हे पिष्टमय अन्न आहे. १०० ग्रॅम कच्च्या गरात सुमारे २७ ग्रॅम कर्बोदके, १ ग्रॅम प्रथिने, ५ ग्रॅम तंतू आणि १०३ कॅलरी असतात. कर्बोदके जवळजवळ शिजलेल्या भाताइतकीच, म्हणून साखरेच्या रुग्णाने कापं भाताच्या जोडीला नव्हे, भाताऐवजी खावीत.

फणस पश्चिम घाटाचा, तर नीरफणसाचे मूळ न्यू गिनी आणि पॅसिफिक बेटांकडचे. तिथे तो अख्खा निखाऱ्यावर भाजतात; भाजलेल्या गराचा पोत आणि वास पावासारखा, म्हणून इंग्रजीत त्याचे नाव ‘ब्रेडफ्रूट’. वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांतील गुलामांना स्वस्त अन्न म्हणून इंग्रजांनी विल्यम ब्लाय या नौदल अधिकाऱ्याला ताहितीहून रोपे आणायला धाडले. २८ एप्रिल १७८९ रोजी त्याच्या ‘बाउंटी’ जहाजावर बंड झाले आणि हजारावर रोपे समुद्रात गेली. दुसऱ्या सफरीत, १७९३ मध्ये, ती सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला पोचली; पण ज्यांच्यासाठी आणली त्यांनी त्यांची फळे बराच काळ तोंडात घेतली नाहीत. आज जमैकात भाजलेला नीरफणस रोजच्या जेवणात असतो. गोठ्यात गेलेल्या फळाची गोष्ट तिथेही घडली होती, एवढेच.

बी नसल्यामुळे झाड लावायचे तर मुळांना फुटलेले धुमारे किंवा मुळांचे तुकडे लावतात. त्याला उष्ण, दमट आणि सखल जमीन मानवते. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर; कणकुंबीकडे पाऊस भरपूर, पण हिवाळ्यातली थंडी झाडाला सोसत नाही. हौसेने कोणी रोप आणले तर ते घराच्या उबेला, वारा अडेल अशा जागी लावावे आणि पहिले दोन-तीन हिवाळे पाचोळ्याने बुंधा झाकावा.