पायाच्या धमनीतील कॅल्शियम फोडताना

१९६४ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी, पाय कापून घेण्यास नकार देणाऱ्या एका वृद्धेच्या मांडीतील धमनी नुसत्या नळ्या सरकवून रुंद केली; दहा वर्षांनी झुरिचमध्ये आन्द्रेआस ग्रुंट्सिग यांनी त्याच कामासाठी फुगा वापरला. मेदाच्या मऊ थरावर फुगा आजही चांगला चालतो. भिंतीत कॅल्शियम साचले असेल, तर मात्र त्याची मात्रा चालत नाही.

हे साचणे मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात विशेष आढळते. कॅल्शियम धमनीच्या अस्तरात साचते, तसे भिंतीच्या मधल्या थरातही. आणि या दुसऱ्या प्रकारात निदानच फसते. घोट्याशी पट्टा आवळून रक्तदाब मोजताना कडक धमनी दबत नाही, त्यामुळे पायाला रक्त कमी पोहोचत असूनही आकडा चांगला येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातील दाब मोजावा लागतो.

कडक भिंतीत फुगा जोराने फुगवला, तर ताण मऊ बाजूवर पडून तिथले अस्तर फाटते. सुटलेला पापुद्रा रक्ताला अडवू लागला की स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवावा लागतो, आणि कॅल्शियमच्या वेढ्यात तोही पुरता उघडत नाही. हिरकणीचे कण लावलेल्या फिरत्या टोकाने थर घासून काढता येतो, पण त्याचा चुरा वाहत जाऊन पावलाकडची धमनी बुजण्याचा धोका राहतो.

येथे मुतखडा फोडण्याची युक्ती कामी आली. फुगा अवघ्या ४ अ‍ॅटमॉस्फिअर दाबाने भिंतीला टेकवतात. आतल्या द्रवात विजेची ठिणगी पडून वाफेचा बुडबुडा क्षणात फुगतो आणि मिटतो, आणि त्यातून उठणारी दाबलहर मऊ पेशींना फारशी इजा न करता कॅल्शियमला तडे पाडते. कॅल्शियम जागेवरच राहते, पण भिंत लवचीक होते, आणि माझ्या मते खरी कमाई तीच आहे.

मांडी आणि गुडघ्यामागील धमन्यांवरील 'डिसरप्ट पीएडी ३' चाचणीत ३०६ रुग्ण होते. धमनी समाधानकारक उघडण्याचे प्रमाण या पद्धतीने ६५.८ टक्के, तर साध्या फुग्याने ५०.४ टक्के आले. स्टेंटची गरजही बरीच घटली. मात्र हे यश मुख्यतः उपचारादरम्यान मोजलेले आहे, पाय वाचल्याचे नव्हे. २०२२ च्या 'बेस्ट-सीएलआय' चाचणीत, ज्यांच्या पायाची स्वतःची नीला चांगली होती अशा गंभीर रुग्णांत बायपास शस्त्रक्रिया (नीलेचा तुकडा जोडून अडथळ्याला वळसा घालणे) कॅथेटरच्या, म्हणजे धमनीत बारीक नळी सरकवून केलेल्या, उपचारांपेक्षा सरस ठरली होती. त्यामुळे जखम चिघळलेल्या, पण शस्त्रक्रिया सोसू शकणाऱ्या रुग्णाची नीला आधी सोनोग्राफीने तपासून घेणे योग्य.