ताम्र-ऑक्साइड अतिसंवाहकांवरील चुंबकीय क्षेत्राचे परिणाम

क्युप्रेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ताम्र-ऑक्साइडी अतिसंवाहकांत (ठरावीक तापमानाखाली ज्यांचा विद्युतरोध शून्य होतो अशा पदार्थांत) बाह्य चुंबकीय क्षेत्रामुळे घडणारे बदल. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात मराठीतला ‘अतिसंवाहक’ आणि कन्नडातला ‘अतिवाहक’ असे दोन्ही शब्द कानी पडतात, अर्थ एकच. बेडनोर्ट्स व म्युलर यांनी १९८६ मध्ये या वर्गाचा शोध लावला. १९८७ मध्ये यट्रियम-बेरियम-ताम्र ऑक्साइडाचे संक्रमण तापमान (ज्याखाली रोध नाहीसा होतो ते) सु. ९२ केल्व्हिन आढळले आणि ७७ केल्व्हिनला उकळणारा द्रव नायट्रोजन थंड करण्यास पुरेसा ठरला. चिकोडी-निपाणीकडच्या गोपालकांनी हा द्रव पाहिलेला असतो, तो गुरांच्या गोठित रेतमात्रांच्या डब्यात.

क्षेत्र एका खालच्या मर्यादेपलीकडे गेले की ते या पदार्थांत भोवऱ्यांच्या, म्हणजे भोवती प्रवाह फिरणाऱ्या बारीक नळ्यांच्या रूपाने शिरते. प्रत्येक भोवऱ्यात २.०७ × १०⁻¹⁵ वेबर इतका चुंबकीय फ्लक्स (आरपार जाणाऱ्या क्षेत्राचे माप) असतो. अशा भोवऱ्यांची जाळी ॲब्रिकोसॉव्ह यांनी १९५७ मध्येच सिद्धांताने मांडली होती. विद्युतप्रवाहाने भोवऱ्यांना आडवा रेटा बसतो. ते सरकले की रोध उत्पन्न होतो, स्फटिकातील दोषांत रुतून बसले तर शून्य रोध टिकतो. चुंबक थोड्या अंतरावर धरून यट्रियम संयुगाची चांगली वडी नायट्रोजनमध्ये थंड केली, तर वडी उलटी धरल्यावरही चुंबक तिच्याखाली अधांतरी लोंबतो. ही किमया रुतलेल्या भोवऱ्यांची. एकट्या मायस्नर परिणामाने, म्हणजे अतिसंवाहकाने क्षेत्र बाहेर ढकलण्याने, तसे होत नाही.

वाद आहे तो अप्रत्यावर्तिता-रेषेच्या उगमाबद्दल. क्षेत्र-तापमान आलेखात या रेषेच्या वर चुंबकन प्रत्यावर्ती असते (क्षेत्र वाढवून घटवले की त्याच वाटेने मागे येते), खाली नसते. म्युलर, ताकाशिगे व बेडनोर्ट्स यांनी १९८७ मध्ये ती नोंदवून काचसदृश अवस्थेशी जोडली. येशुरुन व मॅलोझेमॉफ यांनी १९८८ मध्ये उष्णतेमुळे भोवरे हळूहळू घसरतात, एवढ्यावरच तिचा उलगडा केला. फिशर यांच्या १९८९ च्या मांडणीत ती ‘भोवरा-काच’ या खऱ्या प्रावस्थेची सीमा ठरते. झेल्डॉव्ह व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये बिस्मथ-क्युप्रेटच्या स्फटिकावर चुंबकीय क्षेत्र मोजणारे सूक्ष्म हॉल संवेदक बसवून फ्लक्स-घनतेत एकाएकी झालेली, वितळण्याची खूण असलेली उडी मोजली. त्यामुळे स्वच्छ स्फटिकांपुरते तरी भोवऱ्यांची जाळी बर्फासारखी वितळते हे मत अधिक ग्राह्य वाटते. दोषयुक्त नमुन्यांना एकच स्पष्टीकरण पुरत नाही.

पाठ्यपुस्तकांचा भर संक्रमण तापमानावर असला, तरी वापराच्या दृष्टीने ही रेषाच निर्णायक आहे, कारण तिच्या वर भोवरे मोकळे होऊन रोध उत्पन्न होतो. बिस्मथ-क्युप्रेटमध्ये थरांची सांगड ढिली असते. तिथला भोवरा भाकरीच्या चळतीसारखा, चकती-चकतीने सुटा होतो. म्हणून त्याचे संक्रमण तापमान ११० केल्व्हिनपर्यंत जात असूनही ७७ केल्व्हिनला टेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्राचे एकक) काही अंशातच भोवरे मोकळे होतात. यट्रियम संयुग काही टेस्ला सोसते.

अतितीव्र क्षेत्रात अतिसंवाहकता दबून मूळ धातुस्थिती उघडी पडते. २००७ मध्ये यट्रियम संयुगात ६० टेस्लाच्या आसपास क्वांटम आंदोलने (क्षेत्र बदलताना रोधात होणारे नियमित चढउतार) दिसली; पुढे तिथेच विद्युतभाराची क्रमबद्ध रचनाही आढळली. याच संयुगाच्या फिती वापरून २०१७ मध्ये अमेरिकेत टॅलाहसी येथे ३२ टेस्लाचा पूर्ण अतिसंवाहक चुंबक कार्यान्वित झाला.