क्राउनचा सूर आणि बेअरिंगची घरघर

गाडीच्या मागून आवाज येतोय, एवढं म्हणायचा अवकाश, ऐकणारा लगेच सांगतो, "क्राउन-पिनियन गेलं." पद्मिनी असो, अॅम्बेसेडर असो, ओम्नी असो की जुनी सुमो, मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रत्येक गाडीच्या वाट्याला हे निदान येतं. क्राउन-पिनियन म्हणजे मागच्या अॅक्सलच्या मधल्या गोळ्यात, डिफरन्शियलमध्ये, बसलेली दातेरी जोडी: इंजिनकडून येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या लांब दांड्यानं फिरणारं लहान पिनियन आणि त्यानं फिरवलेला मोठा क्राउन. त्यातल्या कित्येक गाड्यांचं हे क्राउन-पिनियन ठणठणीत असतं आणि आवाज चाकाच्या बेअरिंगचा असतो. डिफरन्शियल उघडून, पैसे भरून, परत येताना तोच आवाज ऐकत घरी आलेली माणसं मी इतकी पाहिली आहेत की आता हे नीट लिहूनच काढतो.

क्रॉस म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या टोकांचा सांधा. त्याचा आवाज ओळखणं सोपं, त्यावर वेळ घालवत नाही. गाडी उचलताना 'खट्', गिअरमध्ये असताना रेस सोडून पुन्हा दिली की परत 'खट्', आणि ग्रीस संपलं असेल तर हळू वेगात चिमणीसारखं 'चिं-चिं'. गाडीखाली जाऊन प्रोपेलर शाफ्ट हातानं पिळून बघितला की प्ले, म्हणजे ढिलेपणा, कळतो. गिअरबॉक्सचंही सोपं आहे. यातल्या चार गिअरच्या जुन्या गाड्यांत चौथा गिअर थेट असतो, म्हणजे इंजिनचा फेरा दातांच्या जोडीतून न जाता सरळ मागे जातो. म्हणून तिसऱ्यात येणारा आवाज चौथ्यात गायब झाला तर दोष पुढे, गिअरबॉक्समध्ये आहे. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. डांबरावरून काँक्रीटवर गेलात की लगेच कळतं.

खरा घोळ क्राउन-पिनियन आणि मागचं व्हील बेअरिंग या दोघांत होतो. दोन्ही आवाज मागून येतात, दोन्ही इंजिनच्या नाही तर गाडीच्या वेगाबरोबर वाढतात, आणि दोन्ही अॅक्सलच्या लोखंडी हाऊसिंगमधून अख्ख्या पत्र्यात पसरतात. ओम्नीची मागची बाजू तर रिकामा डबाच. त्यात आवाज उजवीकडून येतोय की मधून, हे कानानं सांगणं जवळजवळ अशक्य.

इथे मला सर्वात जास्त चीड येते ती न्यूट्रलच्या परीक्षेची. "साठवर न्यूट्रल करा, आवाज राहिला तर डिफरन्शियल." असं नाहीच! न्यूट्रलमध्येही चाकं फिरतात, म्हणून बेअरिंग फिरतं, क्राउन फिरतो आणि पिनियनही फिरतो. या परीक्षेनं दोष इंजिन-क्लचकडे नाही एवढंच कळतं. मागच्या दोघांत निवड करायला तिचा काडीचा उपयोग नाही, आणि घाटात तर न्यूट्रल करूच नका.

मग फरक कुठे? आधी आवाजाच्या जातीत. क्राउन-पिनियन गातं, बेअरिंग घरघरतं. गणित करून बघा. चाकाचा घेर १.८ मीटर धरला तर ताशी ५० किलोमीटरला चाक सेकंदाला पावणेआठ फेरे घेतं. प्रोपेलर शाफ्ट त्याच्या चौपटीहून थोडा जास्त फिरतो, म्हणजे सेकंदाला ३३ फेऱ्यांच्या आसपास. पिनियनला दहा दात असतील तर सेकंदाला ३३० वेळा दातावर दात येतो. ३३० म्हणजे पेटीवरची मधल्या सप्तकातली पांढरी तीन! हा स्वच्छ, एकसंध सूर असतो आणि वेग वाढेल तसा तो चढत जातो. बेअरिंगचं वेगळं. त्याच्या बाहेरच्या कड्यावर खड्डा पडला असेल आणि आत नऊ गोळ्या असतील, तर त्याच वेगाला सेकंदाला पंचवीस-तीस ठोके बसतात. त्याला सूर म्हणता येत नाही. ते भरड दळणाऱ्या जात्यासारखं ऐकू येतं, आणि कानाआधी पार्श्वभागाला कळतं.

पण कानावर फार विसंबू नका, उजव्या पायावर विसंबा. सपाट, रिकामा रस्ता घ्या, काचा वर करा, पंखा आणि रेडिओ बंद. टॉप गिअरमध्ये ५०-६० वर या. आता वेग फारसा बदलू न देता पायाच्या चार अवस्था करून बघा. रेस दाबून गाडी ओढा. मग वेग जेमतेम टिकेल एवढीच ठेवा. मग पाय पूर्ण काढा. आणि शेवटी ती मधली नाजूक जागा शोधा, जिथे इंजिन गाडीला ओढतही नाही आणि अडवतही नाही. क्राउन-पिनियनचे दात रेस देताना एका अंगानं टेकतात, रेस सोडली की दुसऱ्या अंगानं, आणि त्या मधल्या जागी जवळजवळ टेकतच नाहीत. म्हणून पायाबरोबर सूर बदलला, एका अवस्थेत गायला आणि दुसऱ्यात गप्प झाला, तर दोष दातांचा. चाकाच्या बेअरिंगवर मात्र गाडीचं वजन असतं, आणि तुम्ही रेस दिली काय नि सोडली काय, ते वजन तेवढंच राहतं. म्हणून बेअरिंगची घरघर पायाला दाद देत नाही.

आम्ही कोल्हापूरकर यासाठी आंबा घाट वापरतो. साखरप्याकडे उतरताना गिअरमध्ये पाय काढून लांबच लांब ऐकता येतं आणि परतीच्या चढाला रेस देऊन तेच वेग पुन्हा तपासता येतात. फक्त उतरताना गाणाऱ्या क्राउनच्या बाबतीत आधी पिनियनचा नट आणि बेअरिंगचा ताण ढिला झालाय का ते बघा, दातांना लगेच दोष देऊ नका.

स्टिअरिंगची परीक्षाही लोक सांगतात: गाडी डावीकडे वळवली की भार उजव्या बाजूला जातो, तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग. पुढच्या चाकांना ही परीक्षा चांगली लागू पडते. मागच्या सरळ अॅक्सलला मात्र पुष्कळदा काहीच फरक जाणवत नाही. फरक पडला तर पुरावा समजा, नाही पडला म्हणून बेअरिंगला निर्दोष सोडू नका.

आणखी एक खाच आहे. हाऊसिंगच्या आतही बेअरिंगं असतात. पिनियनचं बेअरिंग चौपट वेगानं फिरतं, त्यामुळे त्याची घरघर बारीक दळणाची असते. क्राउनच्या दोन्ही अंगांची बेअरिंगं मात्र चाकाच्याच वेगानं फिरतात आणि हुबेहूब व्हील बेअरिंगसारखी वाजतात. तिथे गाडी उचलण्याशिवाय इलाज नाही.

माझ्या ओम्नीचं असंच झालं होतं. एका गॅरेजमध्ये मिस्त्रीनं एक फेरी मारली आणि म्हणाला, "क्राउन गेलाय साहेब, उघडावं लागंल." उघडलं, शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) बदलल्या, जोडलं. घरघर जशीच्या तशी, वर एक नवा बारीक सूर, जो आधी नव्हता. शेवटी मी पुढच्या चाकांना दगड लावून मागची बाजू लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, घेतली, गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक सोडला. पाटा (लीफ स्प्रिंग) जिथे यू-बोल्टनं अॅक्सलला बांधलेला असतो तिथे डाव्या हाताचा तळवा ठेवला आणि उजव्या हातानं चाक फिरवलं. डावीकडे काही नाही, लोण्यासारखं. उजवीकडे मात्र पाट्यातून कणी-कणी हाताला लागली, वाळू भरलेल्या डब्यात बोट फिरवावं तशी. कानाला ऐकू येत नव्हतं, हाताला स्पष्ट कळत होतं. मधल्या गोळ्यावर हात ठेवला तर तिथे काही नव्हतं. त्या दिवसापासून पाट्यावर हात ठेवल्याशिवाय मी कुणाला डिफरन्शियल उघडू देत नाही.

कारण विनाकारण उघडलेला क्राउन-पिनियन पूर्वीइतका शांत क्वचितच बसतो. ते दोघं एकमेकांबरोबर घासून जुळलेले असतात. दातांमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास ठेवायची असते आणि ती डायल गेजनं मोजायची असते, अंगठ्यानं नाही. दातांना रंग लावून ठसा कुठे पडतो ते पाहायचं असतं. हे करणारे मिस्त्री आता थोडे उरलेत. ओम्नीचं उत्पादन २०१९ पर्यंत चालू होतं, तिचे भाग तरी मिळतात. पण मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस रस्त्यावरून उतरली, तेव्हा पद्मिनीवाल्यांनी चालू जोडाला हात लावण्याआधी दहादा विचार करावा.

हलका सूर असलेला क्राउन, ऑइल पुरेसं असेल तर, वर्षानुवर्षं चालतो. आवाज दाबायला त्यात १४० नंबरचं जाड ऑइल ओतू नका. पुस्तकात सांगितलेलं ईपी ९० गिअर ऑइलच घाला, आणि पिनियनचं सील गळत असेल तर ते आधी बदला. बेअरिंग मात्र थांबत नाही. ओम्नीसारख्या गाडीत अॅक्सलला जागेवर धरून ठेवणारं तेच असतं, ते आणि त्यामागची कॉलर, म्हणजे अॅक्सलवर घट्ट दाबून बसवलेलं कडं. ते पूर्ण सुटलं तर अॅक्सल, ड्रम आणि चाक सगळं एकत्र बाहेर सरकतं. लोक सुराला घाबरून डिफरन्शियल उघडतात आणि घरघर घेऊन तसेच लग्नाचं वऱ्हाड भरून कोकणात उतरतात. हे मला अजिबात बघवत नाही.

बेअरिंग बदलताना कॉलर नवीच घ्या आणि प्रेसवरच बसवा. जुनी कॉलर छिन्नीनं चिरून काढावी लागते, पण छिन्नीचा घाव अॅक्सलला लागता कामा नये, तिथूनच पुढे तडा जातो. ती हातोडीनं ठोकून बसवणारा कुणी दिसला तर काम थांबवा आणि अॅक्सल घेऊन सरळ प्रेसवाल्याकडे जा. सोबत ऑइल सीलही नवं घाला, नाहीतर गिअर ऑइल ब्रेकच्या लायनरवर उतरेल.