फोर बाय फोर घ्यायचीये? शोरूमला जायच्या आधी हे वाचा

भाऊ, आमच्या गॅरेजात येणारा दर तिसरा माणूस विचारतो, महिंद्राची थार घेऊ, मारुतीची जिम्नी घेऊ, का सरळ फोर्सची गुरखाच? प्रत्येकाला तेच तेच सांगून आमच्या मिस्त्रीचा घसा बसला म्हणून शेवटी हा कागद छापला. आम्ही गाड्या विकत नाही आणि कुठल्या शोरूमचं कमिशनही घेत नाही. टायर, सस्पेन्शन, अलाइनमेंट आणि फसलेल्या गाडीच्या खालचा चिखल खरवडणं एवढाच आमचा धंदा, त्यामुळे कोणती गाडी कशाने रडते ते आम्हाला खालून दिसतं.

आधी रोजचं बघा

तोरणमाळ वर्षातून दोनदा होतं, भुसावळ-जळगाव रोज होतं. गाडी त्या रोजच्यासाठी घ्यायची राहते आणि तोरणमाळसाठी टायर घ्यायचे राहतात, पण लोक नेमकं उलटं करतात, व्हिडिओत दगडावर चढणारी गाडी बघून बुकिंग करतात आणि मग सहा महिन्यांनी येऊन म्हणतात की आई मागच्या सीटवर चढतच नाही.

म्हणून टेस्ट ड्राइव्हला एकटं जाऊ नका. मे महिन्यात जा, दुपारी दोनला, पारा ४४-४५ वर असताना, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला मागे बसवा. तीन दरवाजांच्या थारमध्ये पुढची सीट पाडून मागे घुसावं लागतं, हे पोरांना मजेचं वाटतं, आजीला नाही. मागे एसीचा वारा पोचतो का, गाडी अर्धा तास उन्हात उभी करून मग किती वेळात थंड होते, हे शोरूमवाला स्वतःहून दाखवणार नाही, तुम्हीच बघा. आपल्याकडे एसी म्हणजे चैन नाही भो.

दुसरं, डिझेल का पेट्रोल. सगळे डिझेल म्हणतात, ताकद असते म्हणून, आणि ते खरंही आहे, खालच्या आरपीएमला म्हणजे इंजिन हळू फिरत असताना डिझेल जे ओढतं ते चढावर कामाला येतं. पण १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (म्हणजे धुराचे कडक नियम) डिझेलच्या सायलेन्सर लाइनमध्ये डीपीएफ नावाची जाळी राहते, ती काजळी अडवते, आणि ती काजळी जाळायला गाडी मधूनमधून हायवेवर पंधरा-वीस मिनिटं तरी एकसारखी पळावी लागते. तुमचं रोजचं रनिंग घर ते दुकान चार किलोमीटर असेल तर जाळी भरते, दिवा लागतो, मग तुम्ही आमच्याकडे येता आणि आम्ही म्हणतो की धुळ्यापर्यंत एक चक्कर मारून या. हे गमतीने नाही म्हणत, तोच इलाज आहे. रोज शेतात नाहीतर हायवेवर जाणाऱ्याने बिनधास्त डिझेल घ्यावं, गावातल्या गावात फिरणाऱ्याने पेट्रोल बघावं. आणि महाराष्ट्रात डिझेलला रोड टॅक्सही जास्त लागतो, तो हिशोबात धरा.

4x4 म्हणजे नेमकं काय मिळतं

लिव्हरवर तीन गोष्टी राहतात. टू-हाय म्हणजे साधं, दोन चाकं ओढतात. फोर-हाय म्हणजे चारही ओढतात, कच्च्या रस्त्याला, वाळूला. फोर-लो म्हणजे गिअर अजून खाली, गाडी मुंगीसारखी चालते पण जोर दुप्पटीच्या वर, आणि उतारावर ब्रेकवर उभं न राहता इंजिनच गाडी धरून ठेवतं. ज्या गाडीत लो नाही तिला लोक ऑल व्हील ड्राइव्ह म्हणतात, ती ओल्या रस्त्यावर चांगली, पण चांदसैली घाटाच्या बाजूच्या फुटक्या पायवाटेसाठी ती बनलेलीच नाही.

एक चूक फार बघतो. कोरड्या डांबरावर फोर-हाय लावून पळवतात, मजबूत पकड येते म्हणून. अरे, वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांचं अंतर वेगळं पडतं, मधली जोडणी कडक असल्याने ते जुळवून घ्यायला जागाच नाही, मग सगळा पीळ शाफ्ट आणि ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरचा डबा) येतो. हायवेला लागलात की टू-हाय.

आणि डिफरेन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकात ताकद वाटणारे गिअर. एका बाजूचं चाक हवेत किंवा चिखलात गेलं की साधा डिफरेन्शियल सगळी ताकद त्याच रिकाम्या चाकाला देतो, ते गरगर फिरतं आणि ज्याला पकड आहे ते चाक शांत उभं राहतं, घरातल्या कामासारखं, जो करू शकतो तो बसून. लॉक असेल तर दोन्ही चाकं सोबत फिरतात. गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे लॉक कंपनीकडूनच येतं. जिम्नीत लॉक नाही, ती रिकाम्या चाकाला ब्रेक लावून काम भागवते, आणि हलकी असल्याने बऱ्यापैकी भागतंसुद्धा. थार घेताना तुमच्या व्हेरियंटला लॉक आहे का ते लेखी विचारून घ्या, आणि ती 4x4 च आहे ना हेही, कारण जानेवारी २०२३ पासून दोन चाकांवर चालणारी थारही विकत मिळते, दिसायला तशीच, आणि एक भाऊ सहा महिने लिव्हर शोधत होते.

आपली काळी माती

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण बाहेरचे व्हिडिओ वाळू आणि दगड दाखवतात, आपल्याकडे गाडी मारते ती काळी माती. पाणी पिऊन ही माती फुगते आणि चिकट होते, टायर दोन फेरे फिरला की खाचा भरतात आणि टायर अख्खा टकला होतो, मग चारही चाकं फिरली काय नि आठ फिरली काय. वर ती मडगार्डमध्ये थापत जाते, शेवटी चाक फिरायलाच जागा उरत नाही. आमचीच गाडी, दोन वर्षांपूर्वी, चोपडा तालुक्यात मित्राच्या शेतात भरीत पार्टी, रात्री अवकाळी पाऊस झाला. सकाळी आम्ही, गॅरेजवाले, लॉक लावून, लो लावून, सगळी विद्या लावून फक्त खोल खोल जात होतो. शेवटी शेजारचा ट्रॅक्टर आला, दहा मिनिटांत काढली, आणि ट्रॅक्टरवाल्या काकांनी पैसे घेतले नाहीत पण जे हसले ते पैशांपेक्षा महाग पडलं. तर ओली काळी माती दिसली की थांबा, चहा करा, ऊन पडू द्या. पाच-सहा तासांत वरचा थर वाळतो, कधी दुसरा दिवस उजाडतो.

टायरचं म्हणाल तर रोज आणि ऑफरोड दोन्ही करणाऱ्याने एटी म्हणजे ऑल टेरेन घ्यावा. एमटी म्हणजे मड टेरेनच्या खाचा रुंद असतात म्हणून तो माती झटकतो, पण हायवेवर भुंग्यासारखा आवाज करतो आणि ओल्या डांबरावर ब्रेकला कमी पडतो. एटीनेही ॲव्हरेज थोडं पडतं, ते मान्य करूनच घ्या.

हवेबद्दल. तापीच्या वाळूत उतरायचं तर १८-२० पीएसआयवर आणा, टायर पसरतो आणि गाडी तरंगल्यासारखी निघते. फुकटातलं यापेक्षा मोठं मॉडिफिकेशन नाही. पण परत रस्त्यावर यायच्या आधी हवा भरलीच पाहिजे, कमी हवेत मे महिन्याच्या डांबरावर ८० ने पळवलं तर टायरची कड तापून फुटते. म्हणून लाइट बार घ्यायच्या आधी बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर घ्या.

कोणती गाडी, आमचं मत

जिम्नी: साधारण १२०० किलोची, ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची २१० मिमी, अरुंद असल्याने सातपुड्यातल्या पायवाटांत आणि जळगावच्या बाजारातही घुसते. पण टाकी ४० लिटर, डिकी २०८ लिटर, इंजिन १०५ पीएसचं आणि ऑटोमॅटिक चार गिअरचं, भरलेल्या गाडीने घाट चढताना धीर धरावा लागतो. दोघांसाठी मस्त. चौघं आणि आठ दिवसांचं सामान असेल तर नको.

थार तीन दरवाजांची: क्लिअरन्स २२६ मिमी, पाण्यात ६५० मिमीपर्यंत, डिझेलला ३०० न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे ओढायचा जोर. सामानाला जागा नाही म्हटलं तरी चालेल, मागची सीट पाडूनच फिरायचं. पाच दरवाजांच्या थार रॉक्समध्ये कुटुंब बसतं, रोजच्याला तीच बरी, फक्त तिच्यात 4x4 डिझेललाच मिळतं, आणि लांब व्हीलबेसमुळे म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतल्या जास्त अंतरामुळे बांधावर पोट टेकायची शक्यता वाढते. गुरखा २३३ मिमी, पाण्यात ७०० मिमी, स्नॉर्केल म्हणजे इंजिनच्या हवेचा वर नेलेला पाइप कंपनीचाच, आतमध्ये झोपता येईल एवढी जागा, ओव्हरलँडिंगला म्हणजे घर सोबत घेऊन दिवसच्या दिवस फिरायला आम्हाला मनापासून आवडते, पण फक्त मॅन्युअल आहे आणि रोज ऑफिसला न्यायची म्हणजे हातापायाचा व्यायाम. स्कॉर्पिओ एन 4x4 मोठ्या कुटुंबाला. फॉर्च्युनर, हायलक्स चांगल्याच आहेत, पण तेवढे पैसे असणारा माणूस हा कागद वाचत बसत नाही.

पाणी, वजन, कायदा

ते ६५०-७०० मिमी उभ्या पाण्याचे आकडे आहेत. पांझरा, अनेर, सुकी या नद्या पावसाळ्यात वाहतात तेव्हा गुडघाभर पाणीही गाडी सरकवतं. पायी उतरून बघायला भीती वाटते तिथे गाडी घालायची नाही. आणि पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, इंजिनमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इन्शुरन्सवालेही तिथेच हात वर करतात. इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन घेतलाय का ते आजच पॉलिसीत बघा.

टपावरचा तंबू ५०-६० किलोचा राहतो, वर पाण्याचे कॅन, लाकडं, कढई. टपाला किती वजन चालतं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ते बघूनच कॅरियर सांगा. जड सामान खाली आणि मागच्या चाकांच्या पुढे. रिकव्हरीला दोर, दोन शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या), फावडं, जॅकखाली ठेवायला लाकडी फळी, ट्यूबलेस पंक्चर किट, बस्स. दोर कंपनीच्या टो हुकलाच अडकवायचा, ट्रॉलीच्या गोळ्याला कधीच नाही, तो गोळा तुटून गोळीसारखा सुटतो.

बुल बार म्हणजे बंपरपुढचा लोखंडी गार्ड आम्ही बसवत नाही, डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने त्यावर कारवाईचे आदेश दिलेत. मोठे टायर, गाडी उंच करणारं लिफ्ट किट यालाही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्यावरचं) लागतं, वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. "सगळेच लावतात" हे आम्हाला सांगू नका. यावल अभयारण्यात, पाल गावाकडे जाताना, रस्ता सोडून गाडी घालायची नाही, वनखात्याचा गुन्हा होतो. आणि शेतात शिरायच्या आधी मालकाला विचारा, ठिबकच्या नळ्या जमिनीवरच पसरलेल्या असतात, तुमच्या एका थरारात त्याच्या केळीचं पाणी तुटतं.

गाडी ठरवली पण घेतली नाही असं असेल तर टेस्ट ड्राइव्हची गाडी घेऊन सरळ आमच्याकडे या, लिफ्टवर चढवून खालून दाखवतो, पैसे घेत नाही. जुनी घेत असाल तर नक्कीच आणा, चेसिसवर वेल्डिंग आहे का आणि ट्रान्सफर केस गळते का हे दोन मिनिटांत कळतं. सोमवारी बंद. मे महिन्यात दुपारी १ ते ४ पण बंद, लिफ्टचं लोखंड हाताला लावता येत नाही.