अस्वलाला कोडं घालताना

सकाळचे साडेसात. एप्रिलचं ऊन अजून चढायचंय. प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या फाटकातून शिबिराची मुलं रांगेने आत येतात. फाटकाशीच एक उथळ हौद आहे, त्यात पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी. त्यात बुटांचे तळवे बुडवायचे आणि मगच पुढे जायचं, म्हणजे बाहेरच्या गुरांचे, कुत्र्या-मांजरांचे रोग आत येत नाहीत. कुणाला सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी माकडांच्या बाजूला जायला त्याला बंदी. आपले श्वसनाचे आजार माकडांनाही होतात. "आम्हाला माकडांपासून जपायचं की माकडांना आमच्यापासून?" असं एका मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. दोन्ही, पण इथे दुसरं जास्त.

काही उन्हाळ्यांपासून मी या शिबिरात मदतीला जातो. नाव नोंदवताना पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "पिल्लांना हात लावायला मिळेल का?" नाही मिळणार. इथे मुलं एकाही प्राण्याला हात लावत नाहीत. ती प्राण्यांसाठी खेळणी तयार करतात, प्राणीरक्षक काका ती आत नेऊन ठेवतात, आणि मग सगळे मिळून आडोशाला बसून बघतात. एवढंच शिबिर. पण या 'एवढंच'मध्ये प्राण्यांच्या मनाविषयीचं बरंच विज्ञान दडलेलं आहे.

आजचं खेळणं अस्वलासाठी आहे. ओला, जाड बांबू घ्यायचा, दोन पेरांएवढा तुकडा कापायचा, गिरमिटाने त्याला भोकं पाडायची. काही भोकं बोटाएवढी, काही त्याहून लहान. कडा कानशीने घासून गुळगुळीत करायच्या. मग आत मध, गार झालेली लापशी, भिजवलेले शेंगदाणे भरायचे आणि तोंडं केळीच्या पानाच्या बोळ्यांनी बंद करायची. भरायचा ऐवज वरकड नसतो. दिवसाच्या ठरलेल्या खुराकातूनच तो काढून घेतात, आणि पशुवैद्यक डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय एक शेंगदाणाही आत जात नाही. टाचणी, तार, चिकटपट्टी, प्लॅस्टिक, रंग यांना पूर्ण मज्जाव. गेल्या वर्षी माकडांसाठी केलेल्या एका खोक्यात स्टेपलरची पिन राहून गेली होती. काकांनी खोकं हातात फिरवताना ती नखाने उचकटून काढली आणि सगळ्यांना दाखवली. रागावले नाहीत, पण त्या दिवसापासून मुलं एकमेकांची खोकी दोनदा तपासतात.

आयतं ताट समोर असताना प्राण्याने कष्ट का करावेत? १९६३ मध्ये ग्लेन जेन्सन या मानसशास्त्रज्ञाने सुमारे २०० उंदरांपुढे हाच पर्याय ठेवला. एकीकडे खाण्याने भरलेली वाटी, दुसरीकडे एक कळ, जी दाबत राहिलं की तेच खाणं थोडं थोडं मिळणार. वाटी समोर असूनही उंदीर कळ दाबून खात राहिले. पुढे कबुतरं, कोंबड्या, माकडं, अस्वलं अशा कितीतरी प्राण्यांत हेच दिसलं. ठळक अपवाद घरातल्या मांजराचा. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात १७ मांजरांवर झालेल्या अभ्यासात बहुतेकांनी सरळ ताटलीलाच तोंड लावलं. मांजर पाळणाऱ्या कुणालाही याचं आश्चर्य वाटणार नाही.

याचं मला सर्वांत पटणारं स्पष्टीकरण असं: रानात अन्नाची जागा रोज बदलते. आज पोट भरलं तरी उद्या कुठे मिळेल हे शोधत राहणारा प्राणीच टिकतो. म्हणजे खाण्याची भूक वेगळी आणि शोधण्याची भूक वेगळी. पिंजऱ्यात पहिली भूक दहा मिनिटांत भागते आणि दुसरी दिवसभर तशीच राहते. तिचं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. वाघ कुंपणाच्या कडेने त्याच वाटेने जातो, त्याच कोपऱ्यावर वळतो, परत येतो. अस्वल जागच्या जागी डोकं झुलवत राहतं. बघणाऱ्यांना वाटतं, नाचतंय. २००३ मध्ये रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या संशोधक जोडीने मांसभक्षी गटातल्या प्राण्यांची माहिती एकत्र करून दाखवलं, की रानात ज्यांचा वावर जास्त मोठ्या मुलखात असतो तेच पिंजऱ्यात जास्त येरझाऱ्या घालतात. ध्रुवीय अस्वलाला मिळणारं सर्वसाधारण आवार हे त्याच्या रानातल्या लहानात लहान मुलखाच्या सुमारे दहा लाखावा भाग भरतं, असा त्यांचा हिशोब होता.

आवार दहा लाख पटींनी वाढवता येत नाही. मग निदान आत करण्यासारखं काही द्यावं, हा विचार तसा जुना. माकडांना खेळायला आणि कामाला साधनं द्यावीत असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्किस यांनी १९२५ मध्येच लिहिलं होतं. स्वित्झर्लंडमध्ये हायनी हेडिगर यांनी प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांच्या वागण्याचा शास्त्र म्हणून अभ्यास केला. १९७० च्या दशकात अमेरिकेत पोर्टलँडच्या प्राणिसंग्रहालयात हॅल मार्कोविट्झ यांनी गिबन या वानरांसाठी कळा बसवल्या. कळ दाबायची, झोके घेत दुसरीकडे जायचं, खाऊ मिळवायचा. आमचा बांबू हे त्याचंच गरीबाघरचं भावंड.

आता बांबू आत जाणार. अस्वल अजून रात्रीच्या निवाऱ्यात आहे. काका आधी निवाऱ्याचं सरकतं दार बंद असल्याची खात्री करतात, कुलूप ओढून बघतात, मगच आवारात उतरतात. एक बांबू ओंडक्याखाली, एक झाडाच्या दुबेळक्यात, एक पाण्याच्या टाकीजवळ. बाहेर आले, पुन्हा कुलूप, आणि मग बाहेरूनच साखळी ओढून दार उघडलं.

ते बाहेर येतं तेव्हा मुलांचा श्वास अडकलेला असतो. आधी नाक वर. मग ओंडक्याकडे. ओंडका त्याने पंज्याने असा सहज बाजूला केला, की मागच्या रांगेतून "बापरे" ऐकू आलं. बांबू पुढच्या दोन पंज्यांत धरून ते चक्क मांडी घातल्यासारखं बसलं. आधी फुंकर. भोकावरची धूळ उडाली. मग ओठ नळीसारखे पुढे आले, भोकाला चिकटले आणि आवाज सुरू झाला, जुना व्हॅक्यूम क्लीनर चालावा तसा.

हे सगळं वारूळ फोडण्याचं तंत्र आहे. बहुतेक अस्वलांना वरच्या जबड्यात पुढचे सहा दात असतात, आपल्या अस्वलाला चारच. मधले दोन नाहीत, आणि त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं. टाळू खोलगट, ओठ लवचीक, आणि नाकपुड्या हव्या तेव्हा मिटता येतात म्हणून धूळ व किडे आत जात नाहीत. रानात हा चोखण्याचा आवाज शंभर मीटरच्या पलीकडेही ऐकू येतो. लांब नख्या आणि हे नसलेले दात पाहून इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी १७९१ मध्ये या प्राण्याला दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथच्या, म्हणजे झाडाला लोंबकळणाऱ्या संथ प्राण्याच्या, कुळात टाकलं होतं. चूक पुढे सुधारली, पण इंग्रजीत 'स्लॉथ बेअर' हे नाव राहिलं ते राहिलंच.

मुलांच्या हातात तक्ता आणि घड्याळ असतं. दर मिनिटाला एक खूण: चालणं, हुंगणं, खाणं, खेळणं, येरझाऱ्या, झोप. प्राण्यांचं निरीक्षण पद्धतशीर कसं करावं यावर जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये लिहिलेला लेख आजही संशोधक वापरतात, त्यातलीच एक साधी पद्धत. ठरलेल्या मिनिटाला जे दिसेल तेच लिहायचं, मधे काय गमतीचं घडलं ते नाही. मुलांना हे फार जड जातं. डोळे गमतीकडे धावतात. बांबू नसलेल्या दिवशीचा तक्ता शेजारी ठेवला की फरक दिसतो. त्या दिवशी येरझाऱ्यांचा रकाना दाट, आज तो विरळ.

वाघ-बिबट्यांसाठी वासाचे खेळ असतात. ओंडक्यावर दालचिनीची किंवा जायफळाची पूड. श्रीखंडात पडतं तेच जायफळ. बेलफास्टच्या प्राणिसंग्रहालयात काळ्या पायांच्या छोट्या रानमांजरांवर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जायफळ, कॅटनिप ही मांजरांना वेड लावणारी वनस्पती आणि लाव्या पक्ष्याचा वास असे तीन वास देऊन पाहिले. तिन्हींनी मांजरं जास्त हालचाल करू लागली, जायफळाने जरा कमी. काही दिवसांतच सगळ्यांचं कौतुक ओसरलं. म्हणून खेळणं रोज बदलावं लागतं, आणि म्हणूनच एवढ्या मुलांच्या कल्पना कामी येतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाने २००३ मध्ये २४ परफ्यूम दोन चित्त्यांना हुंगवली. केल्विन क्लाइनचं 'ऑब्सेशन फॉर मेन' जिंकलं, चित्ते त्याच्याशी सरासरी ११ मिनिटं रमले. २०१८ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या, नरभक्षक ठरवलेल्या अवनी वाघिणीला भुलवण्यासाठी वनखात्याने तेच परफ्यूम वापरलं. तिचा शेवट गोळीने झाला. मुलांना ही गोष्ट सांगताना मी घाई करत नाही, कारण त्यानंतरचे त्यांचे प्रश्न महत्त्वाचे असतात.

असाच एक प्रश्न दरवर्षी येतो: मग सर्कशीत आणि दरवेशाच्या अस्वलातही खेळच होता ना? माझ्या पिढीने दारात दरवेशी पाहिलेला आहे. नाकातून ओवलेली दोरी, काठी, डमरू, आणि ताईत करायला केस विकत मागणारी माणसं. ते अस्वल वेदना टाळण्यासाठी पाय उचलायचं. आग्र्याजवळच्या केंद्रात वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने अशी अनेक अस्वलं सोडवून आणली. तिथेही मध भरलेले ओंडके आणि फळं गोठवलेले बर्फाचे गोळे देतात. मुलांना मी फरक एवढाच सांगतो: आपल्या बांबूकडे पाठ फिरवण्याची अस्वलाला मुभा आहे.

ती मुभा ते वापरतंही. यंदा एका मुलाने दोन दिवस खपून तीन कप्प्यांचं कोडं केलं होतं. सर्वांत सुबक तेच. अस्वलाने ते हुंगलं आणि ते ओलांडून पाण्यात जाऊन बसलं. मुलाचे डोळे भरून आले. पण तक्त्यावर त्याने खूण बरोबर केली: 'हुंगणं', मग 'चालणं', मग पुढची अकरा मिनिटं 'पाण्यात'. असा रकानाच नव्हता, तो त्याने पट्टीने नवीन आखला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी त्याला हाक मारली. निवाऱ्यातल्या गवताच्या गादीवर त्याचं कोडं पडलेलं होतं, तिन्ही कप्पे रिकामे, एका कडेला दातांच्या खुणा. संध्याकाळी आत येताना अस्वल ते तोंडात धरून घेऊन आलं होतं.